कोरा चौकोन

गाडीचं वजन भरेना.

सुष्मिता मगदूमनं काटा शून्यावर आणून गाडी पुन्हा चढवली. तेच! मोटार रेसिंगच्या हंगामाची पहिलीच शर्यत, कोल्हापूरच्या या टीमनं आठ वर्षांनी जिंकलेली. वजन कमी म्हणजे निकाल रद्द. ती तपासणी अधिकारी, सही तिची.

"शिशाची पट्टी गेली की!" वीरेश ओरडला. गाडी त्यानंच पळवली होती. नखशिखांत गुलाल, मुठीत कागदाची पुडी. "वजनासाठी पायापाशी बसवल्याली. शर्यतीत हुती, मॅडम!"

"असं सगळेच म्हणतात."

टीमचा मॅनेजर रुद्रेश चहा घेऊन आला. परीटघडीचा पांढरा शर्ट, कपाळावर नुसती विभूती. आठ वर्षांपूर्वी शेवटचा हाच जिंकला होता. शेडच्या भिंतीवर फोटो अजून त्याचाच होता.

"नियम त्यो नियम," तो म्हणाला. "रद्द करा."

"गाडी शेडमध्ये लावल्यावर इथं कोण होतं?"

"कोण न्हाय. सगळी स्टेजकडं पळाली."

"तुम्ही?"

"मीबी."

पांढऱ्या कपावर गुलाबी बोटं उमटली होती. सुष्मितानं चहा तसाच ठेवला, टॉर्च घेऊन गाडीत वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"वीरेश, शर्यत तुझीच. आत सगळीकडं गुलाल पडलाय, फक्त पट्टीची जागा कोरी आहे. म्हणजे शर्यत संपल्यावर गुलाल उधळला तेव्हा पट्टी तिथंच होती. चोरी नंतरची."

"कुणी केली?"

"आज इथल्या कुत्र्यालासुद्धा गुलाल लागलाय. रुद्रेशराव, तुमच्या कपाळाला नाही, शर्टाला नाही. मग बोटांना कुठून लागला? पट्टीवरचा आहे तो."

रुद्रेशनं टायरांच्या ढिगामागून पट्टी काढली. वरची बाजू गुलालानं माखलेली.

"आठ वर्षं, शेवटचं कोण जिंकलं म्हटलं की माझं नाव निघायचं," तो म्हणाला. "आज पोरं माझ्या अंगावरनं पळाली. एकानं गुलालाचं बोट लावलं न्हाय. लई एकटं वाटलं."

पट्टी बसवली. वजन भरलं. सुष्मितानं सही केली.

वीरेश तिथंच उभा होता.

"स्टेजवर चढायच्या आधी तुम्हालाच हुडकत हुतो, काका. पयला गुलाल तुम्हाला लावायचा म्हणून राखून ठेवलता. तुम्ही कुठंच दिसला न्हाईसा."

पुडी त्यानं टायरवर ठेवली आणि तो बाहेर निघून गेला.