एक्केचाळिसावा नियम

टण्ण.

ओट्यावर वाळत घातलेल्या भांड्यांतली एक वाटी आपली आपणच घसरली आणि गरगरत राहिली. त्याआधी दहा मिनिटं घरात चकार शब्द नव्हता. रविवारची दुपार, बाहेर राखेच्या रंगाचं आभाळ, खोलीभर दोरीवर टांगलेले ओलसर कपडे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचा लॅपटॉप आणि स्पीकरवर ठेवलेला फोन, आणि टेबलाखाली पाय पसरून चित्र काढत बसलेली तिची सात वर्षांची मुलगी. नव्या यंत्रणेच्या कंपनीचा इंजिनिअर फोनवर जोडला गेला होता, पण अजून काहीच बोलला नव्हता.

वाटी थांबली. फोनमधून आवाज आला, "फुटलं, की नुसतं पडलं?"

तिचा हात माऊसवर तसाच राहिला.

हा प्रश्न असा विचारणारा एकच माणूस तिला माहीत होता. ऑफिसात कुणाच्या हातून काही निसटलं की तो मान वर न करता हेच विचारायचा. सगळे त्याला पोस्टमन म्हणायचे, कारण कंपनीत येणाऱ्या-जाणाऱ्या मेलची सगळी व्यवस्था त्याच्याकडे होती. शेजारच्याच टेबलावर बसायचा. आणि तीन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी "येतो" एवढंच म्हणून नोकरी सोडून गेला होता.

"...नुसतं पडलं," ती म्हणाली.

"मग ठीक." तो म्हणाला. "कामाच्या तिकिटावर तुमच्या कंपनीचं नाव बघितलं होतं. पण तुम्ही अजून तिथेच असाल असं... नव्हतं वाटलं."

"कुठे जाणार मी?"

"हो. तेही खरंच."

टेबलाखाली रंगाची पेन्सिल खरखरत होती.

काम तसं सरळ होतं. त्यांची कंपनी हॉस्पिटलांसाठी पलंग बनवायची. बाहेरून येणारं प्रत्येक पत्र आधी एका जुन्या प्रोग्रॅमच्या हातून जायचं. खऱ्याला तो आत सोडायचा, खोट्याला हाकलायचा आणि संशय आला की रांगेत उभं करायचा. पोस्टमनने त्याचं नाव ठेवलं होतं म्हातारी. आता ती खरंच म्हातारी झाली होती. तिला बनवणाऱ्या कंपनीने तिला औषधपाणी, म्हणजे नवे अपडेट, देणं बंद केलं होतं आणि रोज काहीतरी भलतंच तिच्या हातून आत निसटत होतं. तिच्या जागी व्हर्च्युअल अप्लायन्स येणार होतं, म्हणजे ज्याला स्वतःचा डबासुद्धा नाही, मोठ्या सर्व्हरच्या पोटात राहणारं यंत्र. म्हातारीचे त्रेसष्ट नियम एकेक करून वाचायचे, ठेवायचा की काढायचा ते ठरवायचं, आणि पाच वाजता सगळी मेल नव्या यंत्राकडे वळवून म्हातारीला कायमचं बंद करायचं. तिच्या पोटात जे उरेल, ते तिच्याबरोबर जाणार होतं.

"करायची सुरुवात?" त्याने विचारलं.

"नियम पहिला," ती वाचू लागली.

बाराव्या नियमापर्यंत दोघंही अगदी परक्यांसारखी बोलली.

"नियम बारा. साहेबांच्या मेव्हण्याचे सुविचार अडवा."

"मेव्हणा आहे अजून?"

"आहे. सुविचारही आहेत."

"मग ठेवा बाई. त्यांच्यापुढे नवं यंत्रसुद्धा हात टेकेल."

ती हसली. हसल्यावर तो आवाज तिचा तिलाच जरा अनोळखी वाटला.

"बोटं मोडायची सवय गेली नाही वाटतं," तो म्हणाला.

"एवढं ऐकू येतं तुम्हाला?"

"दोन वर्षं शेजारी बसून ऐकलंय. दहापैकी नऊ वाजतात. डाव्या हाताची करंगळी वाजत नाही."

तिने करंगळीकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या उगाच गरम झाल्या... तीन वर्षांनंतर, न वाळलेल्या कपड्यांच्या वासात बसून, या वयात. तिला स्वतःचाच राग आला.

"आणि म्हातारी?" तो विचारत होता. "अजून दोनदा सांगावं लागतं?"

"अजूनही. पहिल्यांदा नुसती मान हलवते."

म्हातारीची ती जुनी खोड होती. नियमावरची खूण काढून 'लागू करा' दाबलं की पडदा एकदा लुकलुकायचा, काम झालंसं वाटायचं, पण झालेलं नसायचं. दुसऱ्यांदा दाबल्यावरच ती ऐकायची. घाईत असलेला माणूस हमखास फसायचा.

"तेव्हा..." तो म्हणाला आणि अडखळला. "तेव्हा रागावला नव्हतात ना तुम्ही?"

"कशावरून?"

"नाही, काही नाही. तुमचं बरोबरच होतं. नियम तेवीस?"

तिला काही कळेना. न सांगता, न बोलता निघून गेला तो, आणि रागावलात का म्हणून विचारणाराही तोच? जायच्या आदल्या रविवारी घरी येऊन तिच्या लेकीच्या, त्याच्या भाषेत खारुताईच्या, तीनचाकी सायकलला घंटी बसवून दिली होती त्याने. जाताना दारात बराच वेळ उभा राहिला होता. तिला वाटलं होतं, आता हा काहीतरी बोलेल. मग तो शुक्रवार आला, आणि "येतो." त्याचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. तीन वर्षांत तिने तो एकदाही लावला नव्हता. आजही तिने "काय बरोबर होतं?" असं विचारलं नाही. तिने तेविसावा नियम वाचला.

चाळिसाव्या नियमावर पलीकडून बारीक, चिरका रडण्याचा आवाज आला.

"एक मिनिट हं," तो म्हणाला. आवाज एकदम मऊ झाला होता. "दीड महिन्याची आहे. मुलगी."

"अरे वा," ती म्हणाली. "अभिनंदन. रडते का फार?"

"रडत नाही. तक्रार करते." मग फोनपासून लांब एका बाईचा झोपाळलेला आवाज आला, "दे इकडे, तुझं चालू दे." आणि तो म्हणाला, "हिला आत देऊन येतो. तोवर तुम्ही पुढचा बघून ठेवा."

पावलं लांब गेली. तिने पुढचा नियम उघडला.

नियम एक्केचाळीस. बाहेरून तिच्या पत्त्यावर येणाऱ्या कुठल्याही मेलमध्ये अमुक नाव असेल, तर ती तिच्याकडे पाठवू नका. रांगेत थांबवा. हाताने तपासा.

ते नाव तिच्या नवऱ्याचं होतं.

तो गेला त्याला आता पाच वर्षं झाली होती. शेवटचे अठरा दिवस तो ज्या पलंगावर होता, त्याच्या दांडीवर तिच्याच कंपनीची पट्टी होती. पुढे महिनाभरात भामट्यांच्या मेल सुरू झाल्या. त्यांचा विमा अडकलाय, माहिती पाठवा. त्यांची एक ठेव सापडली आहे, सही करा. एके सकाळी तर पाठवणाऱ्याच्या जागी नवऱ्याचंच नाव होतं. ती खुर्चीत बसल्या जागी पांढरीफटक पडली. पोस्टमनने काही न विचारता तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि संध्याकाळपर्यंत हा नियम लिहिला. "आता यातलं काही तुमच्या नजरेला पडणार नाही," तो म्हणाला होता. "आधी मी बघेन. खरं असेल तेवढंच तुमच्याकडे देईन." त्या रात्री ती कितीतरी आठवड्यांनी झोपली होती.

इतर रांगा महिन्याभरात आपोआप साफ व्हायच्या. हाताने तपासायच्या रांगेला मुदत नव्हती. ही रांग फक्त पोस्टमनच्या खात्यातून दिसायची, आणि तो गेल्यावर ते खातं बंद झालं होतं. आज यंत्र बदलायच्या कामासाठी तिला सगळ्या चाव्या मिळाल्या होत्या. तिने रांग उघडली.

अकरा मेल. विमा, ठेव, बक्षीस, पुन्हा विमा... दहा तसल्याच. अकरावी पोस्टमनच्या घरच्या मेल-पत्त्यावरून आलेली. त्याने नोकरी सोडल्यानंतर नवव्या दिवशी.

"समोर विचारलं असतं, तर रोज त्याच खोलीत बसून 'नाही' म्हणणं तुम्हाला जड गेलं असतं. म्हणून आधी नोकरी सोडली, आता लिहितोय..." इथे तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव होतं, आदराने लिहिलेलं. "...यांची जागा मला नकोच. ती त्यांचीच. त्यांच्या शेजारी थोडी जागा असेल, तर बघा. सायकलची घंटी महिन्याभरात सैल होईल. ती आवळायला कुणीतरी लागेलच. महिनाअखेरपर्यंत वाट बघतो. उत्तर आलं नाही, तर तेच उत्तर समजेन. दुसऱ्यांदा विचारून त्रास देणार नाही."

तिने पुन्हा वाचलं. मग पुन्हा.

ते नाव न घेता विचारणं त्याला जमलं नव्हतं. आणि त्या नावाला वळसा घालून विचारणारा असता, तर तो तिला आवडलाच नसता.

घंटी खरंच महिन्याभरात सैल झाली होती. तिने चिंधी गुंडाळून बसवली होती ती.

पावलं जवळ आली. "झोपली," तो म्हणाला. "कुठवर आलो?"

"एक्केचाळीस."

मग हळूच, "तो मी निघायच्या दिवशी बंद केला होता. म्हटलं, माझ्यामागे ती रांग बघणार कोण. बंदच आहे ना?"

पडद्यावर नियमापुढे हिरवी खूण स्वच्छ दिसत होती. कुणीतरी घाईत ती काढली असेल, एकदाच 'लागू करा' दाबलं असेल, पडदा लुकलुकला असेल. बाहेर निरोपाचा चहा थांबला असेल.

एक शब्द पुरेसा होता. 'नाही.' तेवढं म्हटलं असतं, तर त्याला सगळं उमगलं असतं, या कामात त्याच्याइतकं हुशार कुणी नव्हतं. तिच्या छातीवरचं तीन वर्षांचं ओझं उतरून त्याच्या छातीवर गेलं असतं... त्या घरात, जिथे आत्ताच एक तक्रारखोर पोर झोपलं होतं.

"बंदच आहे," ती म्हणाली.

"मग काढून टाका."

"हो."

"एक विचारू? पुन्हा कधी नाही विचारणार." तो म्हणाला. "मी एक मेल पाठवली होती, नंतर. ती वाचली होतीत ना तुम्ही?"

"वाचली," ती म्हणाली. खोटं नव्हतं. पाच मिनिटंही झाली नव्हती वाचून. "नीट वाचली. इतकं चांगलं मला कुणी... पण तेव्हा नसतं जमलं मला."

"मला तेच वाटलं होतं." त्याने लांब श्वास सोडला, दोन्ही हातांतल्या पिशव्या एकदाच्या खाली ठेवल्यासारखा. "बरं झालं सांगितलंत. कधीकधी वाटायचं, पोचली तरी असेल की नाही."

उरलेले नियम त्यांनी भराभर संपवले. पाच वाजता तिने मेल नव्या यंत्राकडे वळवली.

"बाहेरून एक पाठवून बघतो," तो म्हणाला.

पापणी लवायच्या आत मेल समोर उभी राहिली. विषय होता चाचणी. आत काही नव्हतं.

"पोचली?"

"पोचली."

"लगेच?"

"हो," ती म्हणाली. "लगेच."

"चला तर मग. सांभाळून राहा. खारुताईला... मोठी झाली असेल ना ती आता."

"झाली."

"येतो," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

म्हातारी उरली होती. तिने 'बंद करा' दाबलं. पडदा लुकलुकला, पण काही झालं नाही. तिने अकरावी मेल उघडून शेवटची एकदा वाचली, पडद्यावरची तिची खिडकी मिटली आणि दुसऱ्यांदा दाबलं. या वेळी म्हातारीने ऐकलं. पडदा काळा झाला.

टेबलाखालून एक डोकं वर आलं. गालाला निळा रंग लागला होता. "आई, ते पोस्टमनकाका होते?"

"हो, खारुताई."

"घंटीवाले?"

"हो."

"ते तेव्हा परत का नाही आले?"

तिने लेकीला मांडीवर ओढलं. गालावरचा रंग अंगठ्याने पुसू लागली, तो नुसता पसरत गेला. "त्यांनी मला पत्र पाठवलं होतं गं. ते मध्येच अडकलं. मला मिळालंच नाही."

खारुताईने यावर बराच विचार केला. पेन्सिलचं टोक जिभेला लावलं, आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"पण तुझं पत्र तर नसतं ना अडकलं," ती म्हणाली. "मग तू का नाही पाठवलंस?"