धुऊ नये, नुसता ठेवावा

कडककाकांच्या लॉन्ड्रीत शर्टाची कॉलर अशी उभी राहायची की गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, मान फिरवायला जागा ठेवलीत ना?" कडक हे नाव इस्त्रीवरून पडलं की स्वभावावरून, यावर गल्लीत दोन मतं होती. काकूंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "स्वभावावरूनच. इस्त्री नंतर शिकले." खाली दुकान, मागे धुलाईची खोली, वर दोन खोल्यांचं घर आणि मधे अरुंद लाकडी जिना. त्याची तिसरी पायरी माणसाच्या वजनाला करकरायची. तीस वर्षं काका त्या जिन्यावर चढउतार करत होते, आणि न उलगडणारं असं जगात काही असतं हे त्यांना मान्य नव्हतं. डाग कशाचा ते कळलं की तो निघतो, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

त्यांना उलगडला नाही तो फक्त दबकू. दोन महिन्यांपूर्वी काकूंनी त्याला बेवारस कुत्र्यांच्या केंद्रातून आणला. तपकिरी, हडकुळा, डावा कान फाटलेला आणि तो कान कायम उभा. भांडं पडलं की पळ. छत्री उघडली की पळ. काका शिंकले तर पलंगाखाली.

"कुत्रा आणलास की ससा?" काका म्हणायचे.

त्याची एक सवय मात्र सगळ्यांच्या लक्षात राहायची. दार आलं की तो बाजूला सरकायचा, मान वर करून सोबतच्या माणसाकडे बघायचा, आणि माणूस आत गेलं की मगच पाय टाकायचा. कधीतरी कुणीतरी अंगावर दार आपटलं असेल, असं केंद्रातल्या ताई म्हणाल्या होत्या. काकूंना त्याचं भारी कौतुक. "बघा, तुमच्यापेक्षा याला जास्त रीतभात आहे!" शेपूट हलवताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. तो काकूंच्या पायाशी बसायचा. काकू नसल्या की दुकानात मागच्या फळीखाली, जिच्यावर गिऱ्हाइकांनी न नेलेले कपडे पडून असायचे.

सोमवारी काकूंना हॉस्पिटलात नेलं. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन. सगळं नीट झालं तर शनिवारी घरी, पण मनाला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाडीत बसताना काकूंनी काकांचा हात धरला.

"माझं काय व्हायचं ते होईल. त्याला सांभाळा. आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी विश्वास टाकलाय त्याने."

"हो गं बाई, सांभाळतो," काका म्हणाले.

आणि मंगळवारी सकाळी दबकू पळाला. काका धुतलेल्या चादरींची टोपली घेऊन मागच्या दाराने बाहेर पडले, त्यांच्या मागून रीतीप्रमाणे दबकू आला, आणि नेमक्या त्याच क्षणी गल्लीत उभ्या टेम्पोची मागची फळी धाडकन खाली पडली. काकांनी वळून बघेपर्यंत गल्ली रिकामी. दिवसभर त्यांनी "दबकू, दबकू" करत घसा कोरडा केला. संध्याकाळी पेपरवाल्याने सांगितलं की तसलं एक कुत्रं बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात शिरताना पाहिलं.

ताईंनी फोनवर आधी काकांची हजेरी घेतली. "हाका कशाला मारल्यात? भित्रं कुत्रं हाकेला आणखी लांब पळतं. आता नीट ऐका. काकूंचा अंगातला, न धुतलेला कपडा तिथे नेऊन ठेवा. वासावर येईल. दोन दिवस त्याला त्या कपड्याची सवय होऊ द्या. मग तिथेच पाठ करून बसा. जवळ आला की उठा आणि सरळ घराकडे चालायला लागा. मागे वळून बघायचं नाही. वळलात की गेला."

न धुतलेला कपडा! काकांनी कपाळावर हात मारला. सोमवारी रात्री रिकामं घर खायला उठलं, तेव्हा त्यांनी काकूंचे झाडून सगळे कपडे धुवून काढले होते. चादरी, उशीचे अभ्रे, अगदी हातरुमालसुद्धा. ती येईल तेव्हा सगळं कोरं करकरीत हवं, एवढंच डोक्यात होतं. साऱ्या घरात काकूंचा वास म्हणून उरला नव्हता. होता तो साबणाचा.

बुधवारी दुपारी त्यांची नजर फळीवर गेली. तिथे एक राखाडी स्वेटर होता, मोठ्या काळ्या बटणांचा, दीड वर्ष पडून. त्याला चारशे बारा नंबरचा कागद टाचलेला आणि खाली काकूंच्या अक्षरात लिहिलेलं: धुऊ नये, नुसता ठेवावा. लॉन्ड्रीत कपडा न धुण्यासाठी कोण देतं, यावरून तेव्हा दोघांचं वाजलंही होतं. "एक बाई आली होती. म्हणाली, मी येऊन नेईन. नंबरचा बिल्ला घेऊन गेली. गिऱ्हाइकाने सांगितलंय ना, मग राहू द्या," काकू म्हणाल्या होत्या. काकांनी ती बाई पाहिली नव्हती.

त्यांनी स्वेटर नाकाशी धरला. ओल्या लोकरीचा वास, आणि त्याच्याखाली आणखी कशाचा तरी. नुसत्या वासावरून डाग ओळखणाऱ्या त्यांच्या नाकाला तो ओळखता आला नाही. पण दबकू याच फळीखाली झोपायचा, म्हणजे वास त्याच्या ओळखीचा. माणसाचा वास तो माणसाचा वास, असं मनाशी म्हणून त्यांनी कागद काढून खिशात टाकला आणि स्वेटर घेऊन निघाले.

कारखान्याच्या मागे माल चढवायचा सिमेंटचा ओटा होता. भिंतींना ओल, पत्र्याला भोकं, आणि बर्फ बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी आतून गार झोत यायचा. काकांनी स्वेटर ओट्यावर टाकला, शेजारी दूधभाताची वाटी ठेवली आणि घरी आले.

गुरुवारी सकाळी वाटी तशीच होती. स्वेटरची बटणं लागलेली होती, खालपासून गळ्यापर्यंत सगळी.

आलं असेल कुणी जाणारंयेणारं, काका स्वतःशी म्हणाले. लोकांना उद्योग नसतात. त्यांनी बटणं सोडली, स्वेटर पुन्हा पसरला. ओल्या सिमेंटवर मात्र पंजांचे ठसे होते. काकांच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "दबकू जेवला का हो?"

"चाटूनपुसून," काकांनी थाप मारली.

"त्याच्या कानाशी फोन धरा ना. मला दोन शब्द बोलू दे."

काकांनी फोन फळीखालच्या रिकाम्या जागेसमोर धरला. "दबकू, सोन्या, आले हं मी," काकू म्हणत होत्या. इतकं ओशाळवाणं काकांना उभ्या जन्मात वाटलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी स्वेटर ओट्यावर पडलेला नव्हता. तो भिंतीला टेकून होता, बाह्या पुढे घेतलेल्या, बटणं लागलेली. पुढच्या बाजूला, मांडीवर घेतल्यावर लागतील तिथे, दबकूचे तपकिरी केस. काकांनी हात लावला. त्या जागी ऊन कधीच येत नसे, पण लोकर उबदार लागली. कुत्रा निजला असेल त्यावर, ते म्हणाले. हे मोठ्याने म्हणाले.

मग त्यांनी कोपरांकडे बघितलं. दीड वर्ष घडीत पडलेल्या त्या बाह्या बुधवारी सपाट होत्या. आता दोन्ही कोपरांशी लोकर फुगली होती. ही फुगी काकांनी हजार वेळा वाफेने बसवली होती. ती कशाने येते हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आत हात असावा लागतो, आणि तो बराच वेळ वाकलेला असावा लागतो.

त्यांनी स्वेटर तिथेच ठेवला. खरं तर तिथून पळत सुटावं असं वाटत होतं. पण उद्या शनिवार होता. रिकाम्या घरात काकू पाय ठेवतील, हाक मारतील, आणि मग काय सांगायचं?

पाच वाजता ते परत गेले आणि ओट्याकडे पाठ करून एका पालथ्या पेटीवर बसले. समोर रस्ता, विजेचे खांब, लांबत जाणाऱ्या सावल्या. भीती वाटत होती, कबूल करायला हरकत नाही. पाऊण तास काही नाही.

मग नखांचा आवाज आला. टिक टिक, थांब, टिक टिक. दबकूच. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण तो काकांजवळ आला नाही. मागे ओट्यावर चढला. त्यानंतर धप, धप, धप असा आवाज सुरू झाला. कशाचा ते काकांना लवकर कळेना, कारण त्या कुत्र्याकडून तो त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. शेपूट सिमेंटवर आपटत होतं.

पाठोपाठ लोकर घासल्याचा आवाज. कुणीतरी बसलेलं उठावं, तसा.

वळलात की गेला.

काका उठले आणि चालायला लागले.

मागून नखं येत होती. आणखी कुणाची पावलं नव्हती. काकांनी कान देऊन ऐकलं, नव्हती. पण कोपऱ्यावर चहाच्या टपरीवाल्याने मान डोलावली, ती काकांकडे बघून नाही, त्यांच्या जरा मागे बघून.

काका दुकानात शिरले, दार उघडं ठेवून इस्त्रीच्या टेबलाकडे तोंड करून उभे राहिले. उंबऱ्याशी नखं थांबली. काका तर आत आलेच होते. तरी तो थांबला.

जिन्याची तिसरी पायरी करकरली.

मग नखं आत आली.

काकांनी दार लावलं, दिवे लावले. दबकू जिन्याखाली उभा राहून वर बघत होता. धड, सुखरूप. काका त्याच्या गळ्यात पडून रडले, आणि तो चक्क पळाला नाही. रात्री वरच्या खोल्या काकांनी कोपरा न् कोपरा पाहिल्या. कुणी नव्हतं.

शनिवारी सकाळी शटर वर केलं तर काउंटरवर पत्र्याचा बिल्ला होता. चारशे बारा. गिऱ्हाईक कपडा नेताना ठेवतं तसा, आकडा वर करून ठेवलेला.

काकांनी तो खिशात टाकला. दुपारी काकूंना आणायचं होतं.

काकू खूप वाळल्या होत्या, पण जिना आपल्या पायांनी चढल्या. दबकू मागून येत होता. "सांभाळलात हो!" त्या म्हणाल्या, आणि काकांना वाटलं, सगळं भरून पावलं. मधेच थांबून काकूंनी नाक वर केलं, मग खाली फळीवरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. "अहो, त्या बाईचा स्वेटर नेला वाटतं?"

"नेला," काका म्हणाले.

"कुठे होती म्हणे इतके दिवस?"

"मला दिसली नाही," काका म्हणाले, आणि हे अगदी खरं होतं.

झोपायच्या खोलीत आधी काकू गेल्या, त्यांचा हात धरून काका. पलंगावर टेकल्यावर काकूंनी दाराकडे बघितलं. दबकू बाहेरच होता, बाजूला सरकलेला, मान वर.

"अगं बाई," काकू हसल्या. "आम्ही आलो की रे दोघं. आता कुणासाठी थांबलास?"

दबकू थांबला. मग शेपूट हलवत आत आला.

"ये, सोन्या. ये ना," काकूंनी हात पुढे केला.

त्याने त्यांच्याकडे बघितलं. ओळखलं नाही असं नव्हतं. पण तो खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपाशी गेला आणि तिच्या पायाशी बसला. काकूंचा हात तसाच पुढे राहिला.

दबकूने डोळे मिटले. त्याचा फाटका उभा कान हळूच मागे दबला, अगदी डोक्याला चिकटेपर्यंत, आणि सुटून पुन्हा उभा राहिला. मग पुन्हा दबला.