थोडंच वाढा

घाटात दरड कोसळली आणि संध्याकाळची गाडी गोव्यातल्या कुळ्याच्या बाजूलाच अडकून पडली. कॅसलरॉकच्या फलाटावर सुनयना एकटीच उभी होती. श्रावणातला पाऊस... समोरचा डोंगर दिसेनासा झालेला, आणि वाऱ्यानं छत्रीच्या दोन काड्या मोडून टाकलेल्या. ती इथल्या प्राथमिक शाळेत शिकवायची. रोज याच गाडीनं तिनईघाट गाठायचं, तिथून टेम्पोनं रामनगरला घरी. आज स्टेशनमास्तरांनी हात वर केले होते.

स्टेशनबाहेर एक खानावळ होती. नवीन मालक आल्यापासून सुनयना तिच्यासमोरून मान खाली घालून, भराभर पावलं उचलत जायची. आतून येणाऱ्या फोडणीच्या वासाची तिला भीती वाटायची. पण आज दुसरा आडोसाच नव्हता.

"या, टीचर! छत्रीनं पार जीव सोडला वाटतं."

गल्ल्यामागून एक उंच, सावळा तरुण टॉवेल घेऊन आला. प्रज्योत. आसपासच्याच जंगलातल्या कुणबी वाडीचा. गोव्यातल्या हॉटेलांत स्वयंपाक करून आता गावाकडं परतलेला. डोळे असे, की माणूस काही बोलायच्या आधीच हसायला लागतील.

त्यानं न विचारताच ताट आणून ठेवलं. उकड्या तांदळाचा वाफाळता भात, कुळथाची आमटी, कंदाची भाजी. सुनयनानं चार घास खाल्ले. पाचव्या घासाला छातीत दाटून आलं आणि तिनं ताट हळूच पुढं सरकवलं.

तो लगेच आला. "भाजी बिघडलीया?"

"नाही हो, छान आहे."

"मग?"

"उपास आहे माझा."

प्रज्योतनं भाताकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "भात खाऊन उपास? रामनगरात नवीन निघालाय काय?"

सुनयनाला हसू आवरेना. तोही हसला. बाहेर पाऊस कौलांवर धाड धाड कोसळत होता, आणि कितीतरी दिवसांनी तिला वाटलं, गाडी अजून थोडी उशिरा आली तरी चालेल...

खरं काय ते मात्र तिनं सांगितलं नाही. चार वर्षांपूर्वी तिचं बेळगावात ऑपरेशन झालं होतं. वजन इतकं वाढलेलं, की जिना चढताना धाप लागायची, ऐन तारुण्यात मधुमेह जडून साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. डॉक्टरांनी जठर लहान केलं. वर्षभरात ती निम्मी झाली, गोळ्या सुटल्या. रामनगरात तिच्या वडिलांचं, नागेशरावांचं, किराणा दुकान. त्यांनी गावाला सांगितलं, पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. पोरीचं लग्न व्हायचंय, लोक दहा प्रश्न विचारतील. तेव्हापासून सुनयनाही तेच सांगत आली होती.

आणि आता वजन परत चढायला लागलं होतं. आधी हळूच, मग न लपण्याइतकं. भाकरी दोन घासांत थांबवायची, पण चहात बुडवलेलं बिस्कीट, शेवेची चिमूट, पेढ्याचा तुकडा – हे सारं कुठंही न अडकता खाली उतरायचं. शाळेतून आल्यावर, पेपर तपासताना, उगीचच. वजनकाटा तिनं पलंगाखाली ढकलून दिला होता. हॉस्पिटलमधून तपासणीसाठी फोन आला, की ती तो वाजू द्यायची. एवढा खर्च, एवढा त्रास, आणि मी ते सगळं वाया घालवलं, असं कुणाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

त्या पावसानंतर प्रज्योत रोज संध्याकाळी फलाटावर यायला लागला. हातात काहीतरी असायचंच. हळदीच्या पानातल्या पातोळ्या, गूळ-काकडीचं तवसाळं, कधी गरम नारळाची वडी.

"टीचर, चाखून सांगा. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी परीक्षा घेतो मी."

"मग गुण किती द्यायचे?"

"गुण नको. तुमी खाताना डोळे मिटता, तेवढं बगितलं की झालं."

"मी डोळे मिटते?"

"व्हय तर! आन् उघडल्यावर पयल्यांदा माझ्याकडं बगता." जरा थांबून तो म्हणाला, "...म्हंजे मला तसं वाटतं."

ती लाजून रुळांकडं पाहायची. गाडी यायची, ती चढायची, आणि खिडकीतून तो लहान लहान होत जाताना दिसायचा.

दसऱ्यापर्यंत 'तुमी'चं 'तू' झालं होतं, आणि सुनयनाचे कुर्ते दंडात काचत होते. तवसाळ्याचा एक तुकडा पुरायचा नाही, उरलेलं ती टेम्पोत बसल्या बसल्या संपवायची. घरी आल्यावर आरशासमोर उभी राहून ती ठरवायची – उद्या सांगायचं त्याला, नको म्हणायचं. आणि उद्या तो धुक्यातून हसत यायचा, पान उघडायचा, आणि ती हात पुढं करायची.

माघात उळवीची जत्रा आली. प्रज्योतनं विचारलं, "येतीस? केशर टीचरलाबी घे संगं, म्हंजे घरचे काय बोलनार न्हाईत." केशर तिच्याच शाळेतली, ती तर एका पायावर तयार झाली.

उळवीला बैलगाड्यांची रांग लागली होती. धूळ, ऊन, कानडी-मराठी मिसळलेला गलका. दर्शन झालं आणि तिघं प्रसादाच्या पंगतीला बसले. वाढणाऱ्यानं सुनयनाच्या पानात गव्हाची हुग्गी वाढली, गुळानं चमकणारी, वर तुपाची धार. ती थांबा म्हणायच्या आत दुसरा डाव पडला.

"खा की," प्रज्योत म्हणाला, "देवाचा परसाद हाय."

तिनं खाल्लं. खोटं कशाला, आवडीनं खाल्लं. भराभर, सगळं.

थोड्या वेळानं बांगड्यांच्या दुकानासमोर तिला दरदरून घाम फुटला. छाती धडधडायला लागली, हातपाय थरथरले, दुकानातल्या रंगीत रांगा एकमेकींत मिसळल्या. प्रज्योतनं तिला धरलं आणि एका झाडाखाली नेऊन आडवं केलं. केशर पदरानं वारा घालत राहिली.

"डॉक्टर बगतो हितं कोन हाय काय," तो उठायला लागला.

सुनयनानं त्याचं मनगट पकडलं. "नको. मला माहीत आहे काय झालंय ते. होईल कमी." मग केशरला म्हणाली, "जरा गार पाण्याचा रुमाल भिजवून आणतेस?"

केशर गेली, आणि तिनं सगळं सांगितलं. डोळे मिटूनच. लहान केलेलं जठर, पित्ताच्या खड्यांची थाप, गोड जास्त झालं की अशी भोवळ येणं, चढत चाललेलं वजन.

तो परत खाली बसला. मग म्हणाला, "म्हंजे मी दिलेलं सगळं... तुला बादत हुतं?"

"बाधत नव्हतं रे. आवडत होतं. तोच तर घोटाळा."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तू बंद केलं असतंस."

"खाऊ द्यायचा?"

"नाही... फलाटावर यायचं."

प्रज्योतनं मान वळवली. परतीच्या बसमध्ये तो पुढच्या बाकावर बसला, आणि कॅसलरॉकच्या फाट्यावर उतरताना एवढंच म्हणाला, "जप."

दुसऱ्या दिवशी तो फलाटावर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्या आठवड्यात सुनयनानं खानावळीकडं पाहिलंच नाही. कळलं ना त्याला, ती स्वतःशी म्हणायची, आता कशाला येईल? रामनगरला उतरून ती बिस्किटाचा पुडा घ्यायची आणि घरी पोचेपर्यंत तो रिकामा व्हायचा. एका संध्याकाळी तिनं पुडा फोडला, आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला भूक लागलेलीच नाही. सकाळपासून लागली नव्हती. आपल्याला फक्त रडायचं होतं. ती पायरीवर बसली आणि मनसोक्त रडली. मग आत जाऊन तिनं हॉस्पिटलला फोन लावला.

बेळगावात आहाराचं बघणाऱ्या सुमन मॅडम होत्या. सुनयना वजनकाट्यावर डोळे मिटून उभी राहिली. आता ओरडा बसणार, या तयारीनं ती खुर्चीत बसली.

"उशीर केलास, पण आलीस ना," मॅडम म्हणाल्या. "पुष्कळांचं वाढतं थोडं परत. न येणारे जास्त असतात."

"मी सगळं वाया घालवलं, मॅडम."

"साखरेच्या गोळ्या परत लागल्या?"

"नाही."

"मग वाया कसं गेलं? हे बघ, ऑपरेशन पोटाचं झालं. घाबरल्यावर, एकटं वाटल्यावर हात डब्याकडं जातो, त्यावर कुणी टाके घातले नव्हते. ते आता शिकू." त्यांनी साधंच सांगितलं. आधी डाळ, अंडं, मासे. भात शेवटी. जेवताना पाणी नाही, अधूनमधून चरणं नाही, रक्ताच्या तपासण्या करायच्या, रोज चालायचं. "आणि घरात कुणाला तरी खरं सांग. लपवून पथ्य होत नाही."

त्या रात्री जेवताना ती वडिलांना म्हणाली, "बाबा, यापुढं कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगणार आहे." नागेशरावांनी घास हातातच धरला. मग हळूच म्हणाले, "सांग बाळ. मीच भ्यालो होतो."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती सरळ खानावळीत शिरली. प्रज्योत कांदा चिरत होता. तिला पाहून त्याची सुरी थांबली.

"माझं वजन वाढलंय म्हणून येत नाहीस?"

"आँ?" तो दचकलाच. "वजन? खुळी हायस काय तू?"

"मग का नाही आलास?"

त्यानं हात टॉवेलला पुसले. पुसतच राहिला. "आमच्या घरात मायेनं बोलायची रीत न्हाई गं. आई रागावली तर वाढत न्हाई, माया आली तर ताट भरती. मला तेवढंच येतं. आन् त्यानंच तुला त्रास झाला..." त्यानं खाली पाहिलं. "रोज निघायचो फलाटाकडं. पर हातात काय घेऊन येऊ, तेच समजंना. रिकाम्या हातानं कसं यायचं मानसानं?"

सुनयनानं त्याच्या हातातला टॉवेल काढून बाजूला ठेवला.

"रिकाम्या हातानंच ये," ती म्हणाली. "मला चालायला सांगितलंय. सोबत लागेल."

मग रोज गाडीच्या आधी ती दोघं जंगलाच्या रस्त्यानं चालायला लागली. आंबे मोहरले होते, वाऱ्याला काजूच्या बोंडांचा आंबूस वास होता. पहिल्या चढालाच प्रज्योतला धाप लागली.

"तुला नको काय ऑपरेशन?" तिनं विचारलं.

"हस, हस. दिवसभर चुलीपुढं उभा ऱ्हातो म्हनून... व्यायाम न्हाई झाला."

हळूहळू तिला कळत गेलं, की माणसाला खाण्याशिवायही कितीतरी देता येतं. तो पाखरांचे आवाज काढून दाखवायचा, ती वर्गातल्या गमती सांगायची. कधी नुसतंच चालायचं... दोघांचे हात एकमेकांना लागायचे, दूर व्हायचे, परत लागायचे. आणि एकदा लागले ते तसेच राहिले.

वजन कमी व्हायला लागलं, पण गोगलगाईच्या चालीनं. एका आठवड्यात तर उलटं वाढलं. त्या दिवशी चालता चालता ती मध्येच थांबली.

"प्रज्योत, पुढं परत वाढलं तर? लग्नानंतर, मूल झाल्यावर... वाढूही शकतं."

"कुनाच्या लग्नानंतर?" त्यानं भोळेपणानं विचारलं.

तिनं जीभ चावली. तो इतका हसला, की झाडावरची माकडं पळाली. मग गंभीर होत म्हणाला, "वाढलं तर त्या मॅडमकडं जाऊ. दोघं जाऊ. आन् येताना शेवटची बस चुकली तर आनखीनच बरं." थोडं पुढं गेल्यावर त्यानं मान खाजवली. "ऐतवारी आईनं बोलावलंय तुला. जेवायला."

जेवायला! त्याच्या आईच्या, तुळजाबाईंच्या, हाताची आणि आग्रहाची ख्याती कॅसलरॉकपर्यंत पोचलेली होती.

रविवारी ती वाडीवर गेली. सारवलेलं अंगण, मागं सुपारीची झाडं, ओटीवर शेजारच्या तीन बायका पाहुणी बघायला आलेल्या. तुळजाबाई ठेंगण्या, काटक, कपाळभर कुंकू. त्यांनी पितळेचं ताट मांडलं, भाताचा डोंगर रचला आणि माशांच्या तिखल्याची कढई पुढं ओढली.

"खा, पोरी. लाजायचं न्हाई."

प्रज्योत घाईघाईनं म्हणाला, "आई, तिचा आज उप..."

"उपास नाही," सुनयना म्हणाली. आवाज कापत होता, तरी तिनं तो खाली येऊ दिला नाही. "आई, माझ्या पोटाचं ऑपरेशन झालंय. मी खूप जाड होते, म्हणून पोट लहान करून घेतलं. मला जास्त खाल्लं तर त्रास होतो. मासे द्या, भात चमचाभर. थोडंच वाढा."

ओटीवरची कुजबुज थांबली. तुळजाबाई हातात डाव धरून तिच्याकडं बघत राहिल्या, वरपासून खालपर्यंत.

"म्हंजे एका टायमाला येवढंसंच?"

"हो."

"आन् कायम असंच?"

"कायम."

तुळजाबाईंनी भाताचा डोंगर परत पातेल्यात सारला. मोठासा बांगड्याचा तुकडा तेवढा ठेवला. मग मुलाकडं वळून तणतणल्या, "आरं, मग येवढंसं खानारीला वरसातनं एकदा बोलावून काय उपेग? रोज जेवली तर माझ्या हातचं पोटात जाईल कायतरी!"

"आई, ती रामनगरला ऱ्हाती. रोज कशी यील?"

"मग हितंच ऱ्हाऊ दे की! कोन नको म्हनतंय?"

बायका खुदकन हसल्या. प्रज्योतचे कान लालबुंद झाले. तो तिच्या ताटासमोर उकिडवा बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "हेच विचारायचं हुतं मला. आठ दिस शब्द जुळवतोय... आईनं दोन वाक्यांत उरकलं. ऱ्हाशील?"

सुनयनाच्या तोंडात नुकताच घास गेला होता. घाई करून चालणार नव्हतं. ती सावकाश चावत राहिली, त्याच्याकडं बघत. प्रज्योत श्वास रोखून बसलेला, तुळजाबाई डाव धरून उभ्या, ओटीवरच्या बायका पुढं वाकलेल्या. सगळं घर तिचा एक घास संपायची वाट बघत होतं.

घास संपला.

"व्हय," टीचर म्हणाली.