दोन तास दहा मिनिटांचा दिवा

नारायणगुड्याच्या घराच्या गच्चीवर जेवणं आटोपली होती. अमेय नवीन हेल्मेट दाखवायला घेऊन आला होता. पुण्याहून नोकरीसाठी हैदराबादला येऊन त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि आता त्याला शनिवारी रात्री दगडधोंड्यांतून सायकल चालवायची होती. हेल्मेटवर बसवायचा दिवा कोणता घ्यावा, यावरून तो आणि त्याची बहीण केतकी तासभर मोबाइलवर एकमेकांना चित्रं दाखवून भांडत होती.

"तीन हजार लुमेन," अमेय म्हणाला. "थेट डोक्यावर. जिकडे बघू तिकडे दिवस!"

"जिकडे बघशील तिकडे," मुकुंदकाका म्हणाले. इतका वेळ ते सुपारी कातरत होते. "तिथंच गोम आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी तो गच्चीवरचा बल्ब घालव. हौ, घालव. हेमंत म्हणून माझा मित्र होता. त्याच्यावर गुदरलेलं सांगतो. त्याची डायरी माझ्याकडे आहे, तारीखवार."

"भूत आहे का त्यात?" केतकी हसली. "चार्जिंगवालं?"

अमेयने बल्ब बंद केला. काकांनी अडकित्ता मिटून बाजूला ठेवला. ते हसले नाहीत.

*

हेमंत आबिड्सला एका वकिलांकडे दस्त लिहायचा. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, प्रतिज्ञापत्रं. सही न येणारी माणसं आली की त्यांचा अंगठा धरून शाईवर टेकवायचा, मग कागदावर. हजारो अंगठे त्याच्या हाताखालून गेले होते. पंचेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, म्हणून त्याने सायकल घेतली. आणि स्वभावाप्रमाणे सगळं वहीत उतरवायला लागला. निघालो किती वाजता, पोचलो किती वाजता, चाकात हवा किती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये तो अफझलगंजला दिवा घ्यायला गेला. दुकानदार म्हातारा होता, मेहंदी लावलेल्या दाढीचा. त्याने दोन दिवे काढून ठेवले.

"टोपी पे छोटी बत्ती लगाओ साब, हँडल पे बड़ी."

"एकीच लेना है," हेमंत म्हणाला. "बड़ीवाली. सर पे."

"नक्को साब. हँडल की बत्ती रस्ता देखती. सर की बत्ती सामनेवाले का मुँह देखती. कोई आवाज दिया तो आप पलट के देखते, हौ ना? उस गरीब की आँखां गए."

मग त्याने नीट समजावून सांगितलं. हँडलवरचा दिवा खालून पडतो, त्यामुळे प्रत्येक दगडाची सावली दिसते, खड्डा काळा दिसतो. डोक्यावरचा दिवा डोळ्यांच्या जवळ असतो, सावली दगडाच्या मागे लपते, सगळी जमीन सपाट वाटते. हेमंतने हे सगळं शांतपणे ऐकलं, वहीत लिहून घेतलं, आणि मोठाच दिवा डोक्यासाठी घेतला.

"फिर इत्ता तो करो," म्हातारा पिशवी देताना म्हणाला. "आदमी दिखा तो मुंडी नीचे."

घरी आल्यावर त्याने तीन रात्री तो दिवा गच्चीत जाळून पाहिला. तिन्ही वेळा पूर्ण चार्जवर दोन तास दहा मिनिटं चालला. तेही वहीत आहे.

शनिवार, पंचवीस नोव्हेंबर. आभाळ गच्च भरलेलं, चंद्र असून नसल्यासारखा. हेमंत आणि योगेश शामीरपेटच्या पुढे गेले. योगेश मुंबईचा, हायटेक सिटीत मोठ्या हुद्द्यावर, सायकलही तशीच चालवायचा, मागे न बघता. तिथे एक बंद पडलेली दगडाची खदान आहे. तिच्या काठाने पायवाट जाते. एका बाजूला झुडपं, दुसऱ्या बाजूला सत्तर फूट खाली पाणी.

योगेश पुढे निघून गेला होता. समोरून एक बाई आली. डोक्यावर लाकडांचा भारा.

"बत्ती नीचे करो साब. दिखता नै."

हेमंत थांबला. कोणी बोललं की त्याच्या तोंडाकडे बघायचं, ही त्याची जन्माची सवय. त्याने बाईच्या तोंडाकडे बघितलं.

बाईने हात डोळ्यांपुढे धरला. हात दगडाच्या भुकटीने पांढरा होता.

"क्या बोले अम्मा?" हेमंतने अदबीने विचारलं. अजून तिच्याकडेच बघत.

"नीचे करो... नीचे..."

"अरे, चल ना! बायकांशी गप्पा कसल्या मारतोस?" पुढून योगेश ओरडला.

हेमंतने मान वळवली. सगळा उजेड त्याच्याबरोबर वळला, आणि बाई अंधारात राहिली. तो निघाला. दहा-वीस हात गेला असेल. मागे दगड घसरले. थोड्या वेळाने पाणी वाजलं.

"कुत्रं असेल," योगेश म्हणाला.

हेमंतने वहीत लिहिलं, '८.१२, दगड घसरल्याचा आवाज.' पाण्याचा आवाज त्याने लिहिला नाही.

"ते परत गेले नाहीत?" केतकीने विचारलं.

"नाही," काका म्हणाले.

मंगळवारच्या पेपरात चार ओळी आल्या. खडी फोडणारी गंगू नावाची बाई, वय पन्नासच्या आसपास, अंधारात पाय घसरून खदानीत पडली. हेमंतने योगेशला फोन केला.

"अंधारात घसरली असंच छापलंय ना? मग अंधारच होता," योगेश म्हणाला. "आणि तुझ्या त्या वहीत माझं नाव असेल तर आत्ताच फाड. मी तिथे नव्हतोच. परत फोन केलास तर बघ."

दहा दिवस हेमंतला झोप नव्हती. पोलिसांत जाऊन सांगावं, असं रोज वाटायचं, आणि रोज सकाळी अवसान गळायचं. नोकरी जाईल. लोक बोट दाखवतील. मग त्याला एक सुचलं. ती बाई काठापासून चांगली लांब उभी होती, एवढं मोजून ठरलं की पुरे. म्हणजे ती पुढे आपल्या पायांनी चालत गेली. म्हणजे दिव्याचा संबंध नाही.

घरी बसून त्याने आधी मजकूर लिहिला. 'सदर स्त्री काठापासून ____ पावलांवर उभी होती. सबब माझा दोष नाही.' आकड्याची जागा कोरी सोडली. दस्त लिहिणाऱ्याची सवय ती. मजकूर आधी, आकडा मागून.

शनिवार, नऊ डिसेंबर. वद्य द्वादशी. चंद्र पहाटेपर्यंत नव्हता. जुन्या गाडीत सायकल टाकून तो एकटाच गेला. आठला पाच कमी असताना खदानीपाशी पोचला. दिवा त्याच दुपारी पूर्ण चार्ज केला होता.

जागा सापडली. भाऱ्यातली लाकडं अजून तिथेच विखुरलेली होती. कोणी उचलली नव्हती.

सायकल झुडपाला टेकवली. लाकडांपासून काठाकडे तोंड करून पावलं मोजायला लागला. दिव्यात जमीन सपाट दिसत होती. एकसारखी. पांढरी. काठ कुठे संपतो ते कळत नव्हतं.

एक.

दोन.

तिसऱ्या पावलाखाली काही नव्हतं.

तो झटकन मागे आला. बसला. दोन पावलं. फक्त दोन.

मग वही काढली. पेन काढलं. कोरी जागा समोर होती. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. कोण बघतंय?

त्याने लिहिलं, 'बारा'.

दिवा गेला.

घड्याळाचे काटे अंधारात चमकत होते. आठ वाजून बारा मिनिटं. दिवा लावून सतरा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काही नाही.

तो उभा राहिला. सायकल कुठल्या बाजूला, तेच कळेना. हात पुढे करून तो एक पाऊल सरकला...

आणि समोर दिवा लागला.

थेट डोळ्यांत. त्याच्या तोंडाच्या उंचीवर. पांढरा, त्याच्या दिव्यासारखाच. चार हातांवर.

"कोण आहे? कौन है?"

तो डावीकडे सरकला. दिवा डावीकडे सरकला. तो वाकला. दिवा वाकला. त्याच्या तोंडावरून हटत नव्हता. दिव्याच्या मागे काही दिसत नव्हतं. डोकं नाही. हात नाही. काही नाही.

मग आवाज आला.

टक.

हातोडीचा. दगडावर.

टक... टक...

कोणीतरी खडी फोडत होतं. अंधारात. निवांत. दिवा एक हात पुढे आला. हेमंत एक पाऊल मागे गेला.

टक.

दिवा पुढे. तो मागे. तोंडावर भुकटी उडाली. ओठांवर बसली. दगडाची.

टाचेखालून खडे सुटले. घसरले. किती वेळ गेला... मग खाली पाणी वाजलं.

हेमंतने हात डोळ्यांपुढे धरला.

"बत्ती नीचे करो," तो म्हणाला. "अम्मा... दिखता नै... नीचे करो..."

दिवा आणखी जवळ आला.

तो खाली बसला. हाताला एका झुडपाचं मूळ लागलं, ते त्याने धरलं. डोळे मिटले. पापण्यांतून उजेड लाल दिसत होता. गरम लागत होता. हातोडी उजव्या कानाशी वाजायला लागली. मग डाव्या. मग दोन्ही पायांच्या मध्ये.

तो हलला नाही. डोळे उघडले असते तर उठला असता. उठला असता तर...

काका थांबले. खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

"मग?" अमेयने विचारलं.

मग पापण्यांमागचा लाल रंग एकदम गेला. हातोडी थांबली. हेमंतने डोळे उघडले. काळोख. दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

"दोन तास दहा मिनिटं," केतकी हळूच म्हणाली.

"हौ."

तो तिथून उठला नाही. उजाडेपर्यंत मूळ धरून बसला. उजाडल्यावर त्याने मागे बघितलं. काठ वीतभरावर होता. वही पुढ्यात थोड्या अंतरावर उघडी पडली होती. त्याने 'बारा' खोडलं, 'दोन' लिहिलं. शेवटचं वाक्यही खोडलं. खाली सही केली, आणि तसाच, मळक्या कपड्यांनी पोलिसांत गेला. पाण्याच्या आवाजासकट सगळं सांगितलं.

*

"आता कुठे असतात ते?" अमेयने विचारलं.

"लातूरला, बहिणीकडे. कोर्टात तारखा पडतात तेव्हा येतो. भर दुपारीसुद्धा मान खाली घालून बोलतो. समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही." काका उठले, आत गेले आणि एक कापडी पिशवी घेऊन आले. "सायकल विकली त्याने. हे मात्र कोणाला द्यायला धजला नाही. माझ्याकडे ठेवून गेला."

पिशवीतून त्यांनी दिवा काढला. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी काच, काळं घर, चार बारीक स्क्रू. अमेयने मोबाइलचा टॉर्च लावला. तो काकांच्या तोंडावर गेला, तशी त्याने घाईघाईने हात खाली केला.

काचेवर पांढरट डाग होता. त्याने जवळ धरून बघितलं. अंगठ्याचा ठसा. पण रेषा जवळजवळ नव्हत्याच, झिजून गुळगुळीत झालेल्या. मधोमध एक आडवी चीर.

"हेमंतने बघताक्षणी सांगितलं," काका म्हणाले. "असे अंगठे त्याने पुष्कळ घेतले होते. खडी फोडणाऱ्यांच्या बोटांना रेषा राहत नाहीत."

अमेयने शर्टाच्या टोकाने काच पुसली. मग थुंकी लावून घासली. मग नखाने खरवडली.

"काका, हे निघत नाही."

"कसं निघेल," काका म्हणाले. "स्क्रू बघ. कंपनीचा लाल रंग अजून तसाच आहे त्यांच्यावर. दिवा कोणी उघडलेला नाही. आणि ठसा आतून आहे."