तणाला बांधलेले लाल दोरे

कुऱ्हाडीचा तिसरा घाव बसला आणि आजोबांच्या होडीचा तळ फुटला. चिंगी पुढे धावणार होती, पण आजोबांनी तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

“दक्षिण काठावर तण आलं ते या म्हाताऱ्याच्या होडीला चिकटून,” होडी फोडायला लावणारे तलावाचे अधिकारी जमलेल्या लोकांना सांगत होते. “चाळीस वर्षं पाण्यात काढली, पण डोक्यात काही शिरलं नाही!”

लोक हसले. चिंगीचा मामा, म्हणजे आजोबांचा सख्खा मुलगा, तण कापायच्या यंत्राचा चालक होता. तो अधिकाऱ्यांच्या मागेच उभा होता. त्याने मान वर केली नाही.

सुट्टी लागून चारच दिवस झाले होते. चिंगी, मामाचा ढब्बू आणि ढब्बूची धाकटी बहीण टिकली यांनी होडीतून तलाव पालथा घालायचे बेत आखले होते. आता तिघं तोंड पाडून तलावातल्या तणाचा अभ्यास करणाऱ्या संशोधक काकांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसले. काकांनी त्यांना बशीतला तणाचा बोटभर तुकडा दाखवला. त्याच्या प्रत्येक पेराला नवा कोंब फुटला होता. असा एक तुकडा नव्या पाण्यात पडला तरी पुरे, म्हणूनच जागा बदलताना यंत्र धुवायचं असा नियम केलाय, असं ते म्हणाले.

पण सगळे तुकडे दिसायला सारखेच, मग कुठला कुठून आला हे कळणार कसं, असं टिकलीने विचारलं. चिंगी तडक उठली आणि आजीच्या शिवणाच्या डब्यातलं लाल रीळ घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिघांनी, जिथे तण आधीपासून होतं त्या उत्तर काठावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दोनशे देठांना दोरे बांधले. बोटं सोलवटली, पायांना जळवा लागल्या, पण कुणी हूं की चूं केलं नाही.

आठवड्याभराने पूर्व काठावर पिठाच्या गिरणीजवळच्या स्वच्छ पाण्यात टिकलीला लाल दोरा सापडला. मग आणखी दहा. आजोबांची होडी तर मोडून पडली होती. उत्तर काठावरून इथे आलं होतं ते फक्त यंत्र.

ढब्बूचा चेहरा उतरला. चिंगी हळूच म्हणाली, “फेकून देऊ या का? कुणाला कळणार नाही.”

“नको,” ढब्बू म्हणाला. “पण बाबा आपल्या मनाने असं करणार नाहीत. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार.”

दोन दिवसांनी तलाव खात्याच्या संचालक बाई तलाव बघायला आल्या. त्यांच्यादेखत ढब्बू भोळा चेहरा करून अधिकाऱ्यांजवळ गेला. एका दिवसात दोन-दोन काठ कसे काय उरकता, असं त्याने विचारलं. अधिकारी फुलून गेले.

“अरे, यंत्र धुण्यात दोन तास वाया घालवायचे हे लोक. मी आल्या आल्या ते बंद करून टाकलं!”

चिंगीने मूठ उघडली. अकरा देठ, अकरा लाल दोरे. तिने सगळं सांगितलं आणि संशोधक काकांनी आपला लेखी नियम बाईंपुढे धरला. अधिकारी लगेच मामावर ओरडू लागले. तेव्हा मामा पहिल्यांदा बोलला. “मी तीनदा विचारलं होतं. नोकरी घालवीन म्हणालात. म्हणून बापाची होडी फुटताना गप्प उभा राहिलो.”

संचालक बाईंनी अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं आणि आजोबांची सर्वांसमोर माफी मागितली. मुलांच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, असं काम आमच्या मोठ्या माणसांनाही जमलं नसतं. त्या दिवशी हसलेल्या लोकांनीच टाळ्या वाजवल्या.

मग बाईंनी पुढचा हुकूम सांगितला. तण आता तीन काठांना पोचलं होतं. तलाव सगळ्या होड्यांना बंद. किती दिवस, असं आजोबांनी विचारलं.

“दहा वर्षं तरी,” संशोधक काका खालच्या आवाजात म्हणाले.

आजोबांनी तिन्ही नातवंडांना जवळ घेतलं. “शाबास, पोरांनो. खरं तेच शोधलंत.” मग ते काकांकडे वळले. “आता मी सकाळी उठून काय करायचं, तेवढं सांगा.”