आखणीचा श्वास

आमच्या जोहे गावातून पेणला जाणाऱ्या एसटीत मी स्वतःशीच इंग्रजीत पुटपुटत होते. शेजारून आवाज आला, "मधेच का थांबलात? मी ऐकत होतो."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. अनोळखी माणसापुढे माझी बोबडी वळते. आणि दुपारी कॉलेजात बघते तर हाच माणूस समोर… जोसेफ रोहेकर, रोह्याचा.

जर्मनीतल्या एका विद्यापीठाशी आमच्या कॉलेजचा करार झाला होता. एकाच विद्यार्थ्याला सहा महिने तिकडच्या रंगांच्या प्रयोगशाळेत शिकायला मिळणार होतं. मुलाखत व्हिडिओवर, आणि तयारी करून घ्यायला हे जोसेफसर. महिनाभर सराव झाला, पण कॅमेरा लागला की माझं तोंड बंद.

एकदा ते आमचा मूर्तींचा कारखाना बघायला आले. मी गणपतीचे डोळे आखत होते.

"मालू, तू श्वास घेत नाहीस."

"आखताना घ्यायचा नसतो, सर. हात हलतो. डोळा झाला की आई म्हणते, सोड गो."

"मुलाखतीतही तू हेच करतेस," ते हसून म्हणाले. मला मेली लाजच वाटली.

मुलाखतीच्या दिवशी कॅमेरा लागला. पहिल्याच प्रश्नाला मी श्वास धरून बसले. लॅपटॉपमागे उभ्या जोसेफसरांनी फक्त ओठ हलवले – सोड गो. मी श्वास सोडला आणि बोलत सुटले.

निवड झाली. पेण स्टेशनवर मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. त्यांनी तो खाल्ला नाही.

"आनंद नाय झाला?"

"झाला. पण भीती वाटते, मालू. आम्ही कोकणातले ज्यू, आमच्या घरातनं विमानतळावर गेलेलं माणूस परत आलेलं मी पाहिलं नाय. काका, आत्या, लीयाताई… सगळी इस्रायललाच राहिली."

सहा महिन्यांत माणसं बदलतात, मी काय वेगळी?

"आईला सांगून ठेवलंय," मी कसंबसं म्हटलं, "शंभर मूर्ती बिनडोळ्यांच्या ठेव. आखायला मीच येणार."

रोह्याची गाडी आली. ते उठले, पण ओठ मिटलेले, छाती भरलेली. ही खूण माझ्या ओळखीची होती.

"सोड रे आता," मी म्हटलं. 'रे' पहिल्यांदाच.

"मला आवडतेस तू," तो एका दमात म्हणाला. "परत ये."

"येईन."

गाडी त्याच्याशिवाय गेली. पुढची संध्याकाळी होती. आम्ही बाकावर बसून पेढा अर्धा अर्धा खाल्ला. भीती दोघांनाही अजून वाटतच होती.