मिम्माच्या हातचा पट्टा

शनिवारी गान्दोल्फोचं लग्न होतं आणि गुरुवारी सकाळच्या बसने लिबोरियो न्हावी शेजारच्या गावी पट्टा आणायला निघाला. वस्तरा परजायचा चामड्याचा पट्टा. जुना त्याने स्वतःच्या हातांनी नासवला होता, त्यामुळे शिव्या घालायलाही दुसरं कुणी नव्हतं.

खरं तर एक्केचाळीस वर्षं पट्ट्याची काळजी त्याच्या बायकोकडे होती. दिवसभर साबण आणि स्पिरिटमध्ये बुडवून लिबोरियोचे तळहात खडखडीत कोरडे झाले होते. मिम्माचे हात मात्र जानेवारीतसुद्धा उबदार असायचे. जेवणानंतर सगळं गाव दारं-खिडक्या लावून आडवं व्हायचं. त्या वेळेला तिथली माणसं उलटा प्रहर म्हणतात, आणि त्या वेळी रस्त्यात पाऊल टाकत नाहीत. तेव्हा मिम्मा जिना उतरून खालच्या दुकानात जायची. चामड्यावर ओरखडा नको म्हणून आधी लग्नाची अंगठी काढून खिळ्याला अडकवायची. मग पट्टा ताणून धरायची आणि तळहात वरून खाली फिरवायची, पन्नास वेळा. सूंऽऽ... सूंऽऽ... वर पलंगावर पडलेल्या लिबोरियोला त्या आवाजाशिवाय डोळा लागत नसे.

"तेल घालू का थोडं?" तो कधीतरी विचारायचा.

"स्वतःच्या डोक्याला घाल," मिम्मा म्हणायची. "याला माणसाची ऊब लागते. तेल पाजलंस तर चिकट होईल आणि वस्तरा अडकून बसेल."

फेब्रुवारीत मिम्मा गेली. बोटं सुजली होती, अंगठी निघेना. मुलगी, पिना, साबण घेऊन आली तेव्हा लिबोरियोने तिचा हात धरला. "राहू दे. माझीही कुठे निघते?" ते खरंच होतं, त्याची अंगठी तीस वर्षांपूर्वीच मांसात रुतली होती. मिम्मा अंगठीसकट गेली. शवपेटीचं झाकण त्याच्या डोळ्यांदेखत बंद झालं.

त्यानंतर पट्टा वाळत गेला. एका संध्याकाळी लिबोरियोला एकटेपण असह्य झालं आणि त्याने घरच्या ऑलिव्हचं तेल पट्ट्यावर ओतलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. चामडं गटागटा प्यायलं आणि चिकटलं. धार बसेना. लिबोरियोच्या हातून औषधवाल्याची हनुवटी कापली, मग टपालवाल्याचा गाल, आणि मग अचानक अख्ख्या गावाला दाढी वाढवायची हौस आली.

"बाबा, पुरे झालं आता," पिना दूर उत्तरेतल्या तोरिनो शहरातून फोनवर म्हणाली. "हात राहिला नाही तुमचा. दुकान बंद करा आणि इकडे या."

"गान्दोल्फोची दाढी करतो. तिथे चुकलो तर येईन."

शब्द देऊन बसला खरा. लग्नाच्या सकाळी नवरदेवाची दाढी न्हाव्यानेच करायची ही तिथली रीत, आणि त्या दाढीत रक्ताचा थेंब दिसला तर अपशकुन म्हणून नवरीची आई दिवसभर छातीवर क्रूस काढत राहणार. शिवाय गान्दोल्फो म्हणजे मिम्माचा धर्मपुत्र, बाप्तिस्म्याला तिनेच त्याला हातांवर धरलं होतं. त्याला मिसरूड फुटलं तेव्हाच तिने सांगून ठेवलं होतं, की तुझ्या लग्नाची दाढी आमच्या खुर्चीतच होणार.

गुरुवारी शेजारच्या गावात तानो जीनगराने सहा पट्टे समोर टाकले. लिबोरियोने आधी प्रत्येकाचा वास घेतला. दोन तिथेच बाद झाले, त्यांना रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. एक दुमडल्यावर सुरकुतला. एक काचेसारखा गुळगुळीत होता, त्यावर वस्तरा नुसता घसरला असता. पाचव्यावर जनावराच्या जुन्या जखमेचा वळ होता.

"लेका, बायको करतोयस का पट्टा घेतोयस?" तानो म्हणाला.

"बायको याच्याहून लवकर ठरवली होती."

सहावा घोड्याच्या पुठ्ठ्यावरच्या कातड्याचा होता. तीन बोटं रुंद, मागे तागाचं जाड कापड. बोट फिरवलं की चामडं त्याला किंचित धरून ठेवायचं आणि मग सोडायचं. लिबोरियोने तो गालाला लावला.

"हा दे."

"माल चांगला आहे, पण हाताखाली यायला महिना लागेल हं. रोज तळहात फिरव."

"परवा लग्न आहे रे."

तानोने त्याच्या तळहाताकडे पाहिलं आणि पट्टा कागदात बांधला. गुंडाळला मात्र नाही. मोडलेलं चामडं पुन्हा सरळ होत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी लिबोरियोने हात दुखेपर्यंत तळहात घासला. पट्टा थंडच राहिला. मग वस्तऱ्याची पाठ चामड्याला टेकवून, दर फेरीला पाता नीट उलटवत, तो साठ वेळा फिरवला, आणि स्वतःच्या मनगटावरचा केस कापून पाहिला. केस कापला गेला नाही, नुसता वाकला. जुना पट्टा तर डोळ्यांसमोरही नको होता. तो त्याने खणाच्या तळाशी कोंबून कुलूप लावलं.

शुक्रवारी उलट्या प्रहरी तो वर पलंगावर पडला होता. बाहेर ऊन रणरणत होतं आणि गावात कुत्रंही भुंकत नव्हतं. खिडकीच्या फळ्यांच्या फटीतून उजेडाची एक रेघ भिंतीवर पडली होती. त्याला पेंग आली. छान, गाढ झोप लागत होती, गेल्या कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी. का लागतेय, ते त्याला हळूहळू कळलं.

सूंऽऽ... सूंऽऽ...

लिबोरियो ताडकन उठून बसला. अंगावर सर्रकन काटा आला. दुकानाला आतून अडसर होता. त्याने स्वतः घातला होता. तो अनवाणी जिन्याकडे गेला. पायऱ्यांवर बडीशेपेचा वास होता. जेवणानंतर मिम्मा बडीशेप चघळायची. तो पाचव्या पायरीवर आला आणि आवाज थांबला.

दुकानात कुणी नव्हतं. अडसर जागच्या जागी होता. नवा पट्टा मात्र हुकावर हलकेच झुलत होता, आणि वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं.

"मिम्मा...?"

त्याने पट्ट्याला हात लावला. उबदार. वरपासून खालपर्यंत सारखा उबदार.

मागे वळला तर खुर्चीवर जुना पट्टा पडला होता. खणाचं कुलूप तसंच होतं. तेलाने काळा पडलेला तो पट्टा, डागाची बाजू वर करून, त्याला बरोबर दिसेल असा मांडून ठेवला होता. एक्केचाळीस वर्षं ती अशीच भांडायची. करपलेलं भांडं, फाटका सदरा, जे काय त्याने बिघडवलं असेल ते मुकाट्याने त्याच्यासमोर आणून ठेवायची.

लिबोरियोने खुर्चीची पाठ घट्ट धरली, आणि त्याला हसूही येत होतं.

"चुकलो," तो कुजबुजला. "तू सांगितलं होतंस... तरी घातलं. मला... मला करमेना गं."

तो वर जाऊन पडला तेव्हा आवाज पुन्हा सुरू झाला. भीतीने त्याने चादर डोक्यावर ओढली, आणि चादरीखाली तो आवाज मोजत राहिला. पन्नास झाले. आवाज थांबला नाही.

शनिवारी सकाळी गान्दोल्फो खुर्चीत बसला. दारात त्याचे मित्र उभे, आणि नवरीची आई रस्त्यापलीकडे जपमाळ घेऊन. लिबोरियोने वस्तरा पट्ट्यावर फिरवला आणि दारातली बडबड थांबली. इतका स्वच्छ आवाज त्या दुकानात फेब्रुवारीपासून कुणी ऐकला नव्हता.

"काका, आता सुरू करा की," थोड्या वेळाने गान्दोल्फो डोळे मिटूनच म्हणाला.

"अर्धी झाली, गाढवा."

पांढऱ्या टॉवेलवर एक थेंब नव्हता. लिबोरियोने तो झटकून रस्त्यापलीकडे दिसेल असा उंच धरला आणि नवरीच्या आईने जपमाळ खिशात घातली. म्हातारा दारातच ढसाढसा रडला, आणि मित्रांनी त्याला वाइन पाजली.

चर्चमधून आल्यावर, मेजवानीला जाण्याआधी, त्याने पिनाला फोन लावला.

"मी येत नाही. माझं इथे आहे सगळं."

"एकटे राहणार का बाबा तिथे?"

"एकटा कुठे," तो म्हणाला आणि घाईने फोन ठेवला.

रविवारी उलट्या प्रहरी त्याला इतकी गाढ झोप लागली, की आवाज कधी थांबला तेही कळलं नाही. जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. तो जिना उतरला. बडीशेपेचा वास दाट होता. पट्टा स्थिर होता, आणि शेजारच्या खिळ्याला मिम्माची अंगठी लटकत होती.

लिबोरियो तिच्याकडे बघत उभा राहिला. काम संपलं की ती अंगठी पुन्हा बोटात घालायची. खिळ्यावर आहे म्हणजे... अजून इथेच आहे.

"बस की जरा," तो हळूच म्हणाला. "किती घासशील..."

अंगठी नीट दिसावी म्हणून त्याने खिडकीची फळी थोडी उघडली. उजेड खिळ्यावर पडला. तिथे एक नव्हे, दोन अंगठ्या होत्या.

त्याने आपला डावा हात वर केला. तीस वर्षं मांसात रुतलेल्या अंगठीच्या जागी बोटावर पांढरा वळ होता, आणि तेवढा वळ उबदार होता, नुकताच मिम्माने त्यावर तळहात फिरवल्यासारखा.